लहान फ्लॅटमधला यंत्रांचा आवाज कमी करायचा तर: पंख्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत

चारशे चौरस फुटांच्या वन बीएचकेमध्ये पलंग आणि फ्रिज यांच्यात फार तर दहा-बारा फुटांचं अंतर असतं. वन आरकेमध्ये तर उशी आणि फ्रिज बऱ्याचदा एकाच भिंतीला टेकलेले. मोठ्या घरात मिक्सर लागला की दार लोटून घेता येतं, इथे दारापलीकडे दुसरी खोलीच नसते. रात्रपाळी करून सकाळी आठला आडवा झालेला मुलगा, दहावीची मुलगी, दुपारी जरा डोळा लागलेली आजी आणि कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकाच छताखाली, एकाच वेळी. म्हणून घरातल्या आवाजाला मी चैनीचा विषय मानत नाही. झोप, अभ्यास आणि घरातल्यांचे आपसातले सूर, तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

आवाज असह्य झाला की आपण नवीन, ‘सायलेंट’ लिहिलेलं यंत्र बघायला दुकानात जातो. माझं म्हणणं असं की ती शेवटची पायरी ठेवा. लहान घरात कानावर येणाऱ्या आवाजाचा मोठा वाटा यंत्राचा नसतोच. यंत्र ज्याला टेकलेलं असतं त्या ओट्याचा, भिंतीचा, स्टँडचा किंवा शेजारी ठेवलेल्या भांड्यांचा तो असतो. यंत्राचा हा स्पर्श तोडला की काम बरंच हलकं होतं, तेही शे-दोनशे रुपयांच्या रबरात. तेव्हा क्रम असा ठेवूया: आधी ऐकायचं, मग स्पर्श तोडायचा, मग दुरुस्ती करायची आणि तरीही भागलं नाही तर खरेदी.

डेसिबलचा हिशोब

डेसिबलचे आकडे साध्या बेरीज-वजाबाकीने चालत नाहीत. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबलने वाढला की ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ४२ डेसिबलच्या फ्रिजऐवजी ३८चा घेतला तर फरक लहान दिसतो, पण रात्री तो जाणवतो. उलट दोन सारख्याच आवाजाच्या वस्तू एकत्र चालल्या तर बेरीज फक्त ३ डेसिबलने वाढते. याचा अर्थ असा की सगळ्यात मोठा आवाज करणारी वस्तू तशीच ठेवून बाकीच्या चार वस्तूंवर पैसे घातले तर हाती काहीच लागत नाही.

झोपेच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. ही मर्यादा घराबाहेरच्या वातावरणाची. रस्त्याला लागून असलेल्या मुंबईतल्या इमारतीत खिडकी उघडी ठेवून ३० डेसिबल मिळणं अवघडच, पण बाहेरचं आपल्या हातात नाही म्हणून आतलं सोडून द्यायचं कारण नाही.

पहिली पायरी: रात्री बारानंतर घर ऐका

दिवसा रहदारीत घरातले बारीक आवाज बुडून जातात. म्हणून रात्री बारा-साडेबाराला, घरातले झोपल्यावर, रोज जिथे डोकं ठेवता तिथेच आडवे व्हा आणि कानावर काय येतं ते कागदावर उतरवा. पंख्याची टिकटिक, फ्रिजची घरघर, स्टॅबिलायझरची भुणभुण, वॉटर प्युरिफायरचा पंप, शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिट. मग एकेक बटण बंद करत जा. पंखा थांबल्यावर जी घरघर अचानक ठळक होते, ती तुमच्या यादीत दुसऱ्या नंबरवर.

मोबाइलवर आवाज मोजायची ॲप मिळतात. त्यांचा आकडा बिनचूक मानू नका, पण तुलनेसाठी ती उत्तम. फोन दर वेळी त्याच जागी, यंत्रापासून एक मीटरवर ठेवायचा आणि उपाय करण्याआधीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवायचा.

आता तळहाताची तपासणी. यंत्र चालू असताना तळहात आधी यंत्राच्या अंगावर ठेवा, मग ते ज्यावर उभं आहे त्यावर आणि शेवटी मागच्या भिंतीवर. भिंत हाताला थरथरत असेल तर आवाज हवेतून कमी आणि बांधकामातून जास्त येतोय. हवेतून येणारा आवाज बंद दाराने, अंतराने कमी होतो. बांधकामातून जाणाऱ्या थरथरीला पडदे आणि दारं अडवत नाहीत. ती स्लॅब-भिंतींतून खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छतापर्यंत जाते. नव्या टॉवरमध्ये, विशेषतः मिवान पद्धतीने भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओतलेले असतात तिथे हे फार जाणवतं. शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्यांचा खलबत्ता मात्र आपल्या भिंतीत वाजतो. चाळीतून टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कितीतरी घरांची हीच तक्रार असते.

दुसरी पायरी: डोक्यावरचा पंखा

सगळ्यात आधी पंख्याकडे वळा. तो रात्रभर चालतो, तुमच्या डोक्यावर असतो आणि त्याचे बहुतेक रोग स्वस्तात बरे होतात.

आवाज कोणता आहे त्यावरून रोग ओळखता येतो. नियमित टिकटिक म्हणजे पात्याचा स्क्रू ढिला आहे, किंवा वरची वाटी घसरून दांड्याला नाहीतर छताला लागते आहे. मेन स्विच बंद करून, भक्कम स्टुलावर चढून स्क्रू आवळा आणि वाटी बोटभर खाली सरकवून घट्ट करा. पंखा डुलत असेल तर एक मोजपट्टी छताला उभी लावा, एका पात्याचं टोक तिच्यापाशी आणून खूण करा, मग हाताने पंखा फिरवत बाकीची दोन पाती त्याच खुणेशी येतात का ते बघा. एखादं पातं वर-खाली असेल तर ते पुसताना किंवा झाडू लागून वाकलेलं असतं. तिन्ही पाती काढून धुतली तरी फरक पडतो, कारण पात्यांच्या कडेला साचलेला काळा थर प्रत्येक पात्यावर सारखा नसतो.

हुकात अडकवायच्या जागी एक रबराचा बुश असतो. हे रबर वर्षानुवर्षांत कडक होऊन चिरतं आणि पंख्याची थरथर थेट स्लॅबमध्ये उतरते. वीस-पंचवीस वर्षं न उतरवलेल्या पंख्यात ते बहुधा गेलेलंच असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा बुश, त्याचा बोल्ट आणि बोल्टमधली पिन ही तिन्ही बघायला सांगा. इथे प्रश्न आवाजाइतकाच सुरक्षिततेचा आहे. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलं आहे. ते बदलून मिळतं, त्यासाठी पंखा टाकून द्यायला नको.

आणि कमी वेगावर येणारी ती चिवट भुणभुण? पंखा फुल केला की ती जाते आणि दोनवर आणला की परत येते. तिथे दोष पंख्याचा नसून रेग्युलेटरचा असतो. गोल फिरवत वेग हवा तसा सलग कमी-जास्त करता येणारे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट तोडून पंख्याला देतात, त्यामुळे मोटर गुणगुणते. त्याजागी टप्प्याटप्प्याने फिरणारा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की भुणभुण जवळपास थांबते. काम पंधरा मिनिटांचं आहे. लोडशेडिंगच्या भागात वीज गेल्यावरच पंखा गुणगुणत असेल तर घरातला इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे असं समजा. साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लाटेच्या इन्व्हर्टरवर तोच पंखा शांत चालतो.

नवीनच घ्यायचा झाला तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा घ्या. साधा पंखा ७०-७५ वॉट घेतो, हा ३०च्या आसपास. रोज दहा तासांच्या हिशोबाने वर्षाला दीडशेच्या आसपास युनिट वाचतात. त्याचा वेग आतलं सर्किट ठरवतं, त्यामुळे रेग्युलेटरची भुणभुण मुळातच नसते. मात्र तो जुन्या रेग्युलेटरवरून जोडायचा नाही, थेट स्विचवर घ्यायचा. जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. हे तारे विजेबद्दल सांगतात, आवाजाचा आकडा वेगळा विचारावा लागतो.

तिसरी पायरी: फ्रिज आणि झोपण्याची जागा

फ्रिजच्या मागे हात घाला. भिंत आणि मागची जाळी यांच्यात चार बोटं तरी जागा राहते का? लहान स्वयंपाकघरात फ्रिज भिंतीला चिकटवलेला असतो, उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि जाळी भिंतीला लागून खडखडते, ते वेगळंच. पुढे ओढा, जाळी झटका, मागचा पाण्याचा ट्रे हलत असेल तर त्याच्याखाली रबराचा तुकडा घाला. पुढचे पाय फिरवून फ्रिज किंचित मागे झुकलेला ठेवा. फ्रिजवरचे डबे, देवाचं कॅलेंडर, औषधांची बास्केट खाली उतरवा. दारातल्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या चाकांच्या स्टँडवर फ्रिज ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे; साफसफाईला सोयीचं आहे खरं, पण जमिनीवर घट्ट उभा असलेला फ्रिज नेहमी जास्त शांत असतो.

फ्रिजच्या बाजूला भिंतीवर टांगलेला स्टॅबिलायझर स्वतःच गुणगुणतो आणि भिंतीला गुणगुणायला लावतो. तो खाली उतरवून जाड रबरावर ठेवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या, बऱ्याच नव्या फ्रिजना स्टॅबिलायझर लागत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते, ती बघून ठरवा.

पाणी वाहिल्यासारखा गुडगुड आवाज, डीफ्रॉस्टच्या वेळचा कडकड आवाज, दार उघडल्यावर थांबणारा पंखा हे सगळं नॉर्मल. कॉम्प्रेसर सुरू होताना आणि थांबताना फ्रिज अंग झटकल्यासारखा हलत असेल तर मात्र कॉम्प्रेसरखालची रबरं दाखवून घ्या.

आता एक गोष्ट जी कुणी सहसा सांगत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत १०० हर्ट्झचा खालचा सूर ठळक असतो. त्या सुराची लाट हवेत साधारण ३.४ मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट लांब असते. आपल्या खोल्याही दहा-अकरा फुटांच्या! त्यामुळे हा सूर खोलीभर सारखा पसरत नाही. भिंतीशी आणि कोपऱ्यात तो सगळ्यात जोरात असतो, भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर बराच कमी होतो. उशी कोपऱ्यात असेल तर ती पायाच्या बाजूला नेऊन बघा, पलंग भिंतीपासून सरकवून बघा. फ्रिजही खोलीच्या कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढता आला तर काढा. पैसा न घालता झोप सुधारण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

चौथी पायरी: मिक्सर, कुकर आणि ओटा

मिक्सरचा आवाज अटळ आहे, हे आधी मान्य करूया. त्याची मोटर रिकामी फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, कार्बन ब्रश घासतात, पातं सुक्या खोबऱ्यावर आदळतं. आवाज ८० डेसिबलच्या पुढे सहज जातो. पण आपला ग्रॅनाइटचा ओटा भिंतीत गाडलेला असतो आणि ती भिंत बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या बेडरूमची असते. मिक्सरचे चार रबरी पाय कडक झालेले असतील तर अख्खा ओटा त्याच्याबरोबर वाजतो.

उपाय असा. दहा-बारा मिलिमीटर जाडीचं रबर, मिक्सरच्या बुडाएवढं, मिक्सरखाली घाला. घडी घातलेला पंचा किंवा स्पंज घालू नका. बुडातली हवेची भोकं बुजतात आणि मोटर तापते. मिक्सर भिंतीपासून निदान एक वीत पुढे ओढा. ताटाळं, चमच्यांचा स्टँड, स्टीलचा डबा त्याच ओट्यावर शेजारी असेल तर उचला. मग मिक्सर लावून रबराच्या आधीचा आणि नंतरचा आकडा बघा. मिक्सरजवळ फरक किरकोळ दिसेल, पण पलीकडच्या खोलीत भिंतीला कान लावून ऐका, तिथे खरा फरक आहे.

भांडं बसवल्यावर खर्रर्र असा दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला तर मोटर आणि भांडं जोडणारा खालचा कपलर झिजला आहे. थोड्या पैशात बदलून मिळतो. भांड्याच्या बुडातला बुश सैल झाला असेल तर पातं हाताने हलवून बघा, डगडगतं. असं भांडं वापरत राहिलात तर मोटरचं बेअरिंगही खराब होतं.

वापरण्याची रीतही आवाज ठरवते. शेंगदाणे, खोबरं, गरम मसाला अर्ध्या भांड्याच्या वर नको, थेट तीनवर नको. आधी पल्स, मग एक, मग वाढवत जायचं. चिंच, लाल मिरच्या, खसखस आधी भिजवलेली असली की वाटण निम्म्या वेळात होतं. आणि सकाळच्या डब्याची चटणी रात्री आठला वाटून फ्रिजमध्ये ठेवता येते. पहाटे पावणेसहाचा मिक्सर हा इमारतीतल्या भांडणांचा मोठा उगम आहे.

इडली-डोशाचं पीठ आठवड्यातून दोनदा लागत असेल तर टेबलटॉप वेट ग्राइंडरचा विचार करा. त्यात इंडक्शन मोटर असते, तिचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या आत आणि ब्रश नाहीत. पीठ व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण ती घुमघुम मिक्सरच्या किंकाळीपेक्षा कितीतरी सोसवते. जागा मात्र अडते. घरघंटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये ती घेऊ नका. एक हॉर्सपॉवरची मोटर आणि दळणाची खडखड, तीही चाकांवर उभी. खालच्या गिरणीत पाच किलोचा डबा नेऊन देणं घरासाठीही बरं आणि शेजाऱ्यांसाठीही. खलबत्ता जमिनीवर ठेवून कुटता तेव्हा खाली दुमडलेलं गोणपाट घाला. पाटा-वरवंट्याला तेही लागत नाही, तो घासतो, आदळत नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची सवय सोडता येते. कुकर पूर्ण दाबाला आला की आत साधारण १२० अंश सेल्सियस तापमान असतं. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर फेकणं आहे. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत मऊ शिजते, शिट्टी पुन्हा होत नाही, गॅसही वाचतो. शिट्टीवर फडकं किंवा वाटी ठेवण्याचा प्रकार कधीच करू नका.

चिमणीबद्दल. आठ बाय सात फुटांचं आणि साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे फक्त १५ घनमीटर हवा. ताशी १२०० घनमीटर ओढणारी चिमणी अशा जागेत फुलवर चालवायची गरज फोडणीच्या आणि तळणाच्या काही मिनिटांपुरतीच. एरवी सगळ्यात कमी वेग पुरतो. चिमणी गर्जत असेल तर पाइप बघा. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडला असेल तर हवेचा वेग सव्वादोनपट होतो आणि आवाज त्याहून वाढतो. सुरकुत्यांचा लवचीक पाइप, दोन-तीन वळणं, बाहेरच्या झडपेची फडफड ही नेहमीची कारणं. सहा इंची, गुळगुळीत, शक्य तितका सरळ पाइप लावला की तीच चिमणी वेगळी वाटते. फिल्टर तेलाने बुजलेले असतील तर आधी ते धुवा.

वॉटर प्युरिफायर भिंतीला स्क्रूने घट्ट टेकवलेला असतो आणि आतला छोटा पंप भिंतीत घुमतो. मागे, स्क्रूपाशी रबराचे वॉशर घाला. टाकी संध्याकाळी भरू द्या, रात्री बटण बंद.

पाचवी पायरी: वॉशिंग मशीन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शेजारधर्माला सगळ्यात जास्त धोका याच यंत्रामुळे असतो.

फ्रंट लोड मशीन नवीन आलं आणि पहिल्याच दिवशी चालत-चालत भिंतीला जाऊन आदळलं, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले आहेत. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून तीन किंवा चार लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढून, भोकांना मिळालेली टोपणं लावून, बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवा. भाड्याचं घर बदलताना पुन्हा लागतात.

मग लेव्हल. मशीनच्या वर दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाबा. दोन्ही तिरक्या जोड्या तपासा. जराही डुगडुगलं तर पाय फिरवून जुळवा आणि जुळल्यावर पायावरचं नट वर आवळून पक्कं करा. नट आवळलं नाही तर पाय हळूहळू पुन्हा फिरतो.

जागा निवडताना एक ध्यानात ठेवा: ड्राय बाल्कनी बहुतेक वेळा भिंतीबाहेर काढलेल्या स्लॅबवर असते. तिची बाहेरची कड जास्त हलते, इमारतीकडची कड आणि कॉलमजवळचा कोपरा जास्त भक्कम. मशीन त्या कोपऱ्यात असावं, भिंतीला न टेकता. चाकांचे लोखंडी स्टँड मला अजिबात पटत नाहीत. फ्रंट लोडखाली तर नकोच. पायांखाली रबराच्या गाद्या चांगल्या, पण घट्ट रबराच्या. फोमसारखं मऊ काही घातलं तर स्पिनच्या वेळी मशीन उलट जास्त झुलतं.

स्पिनचा वेग कमी करणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय. असमतोल कपड्यांचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे फेऱ्या दुप्पट तर धक्का चौपट. १२०० फेऱ्यांऐवजी ८०० ठेवल्या तर धक्का निम्म्याहूनही कमी होतो. कपडे थोडे ओले निघतील, पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल. म्हणून पावसाळ्यात दिवसा १२००, रात्री ८०० असा सरळ नियम ठेवा. एकटी गोधडी, एकच जीन्स, एकटं पायपुसणं मशीनमध्ये टाकू नका. ओलं झाल्यावर ते एका बाजूला गोळा होतं आणि मशीन समतोल साधायला धडपडत राहतं. सोबत दोन-तीन टॉवेल घाला. पाणी सोडताना खळखळाट झाला तर खालच्या फिल्टरमध्ये नाणं, सेफ्टी पिन किंवा हुक अडकलेलं असेल.

एवढं झालं की खालच्या मजल्यावर जा. दार वाजवून म्हणा, “काकू, आत्ता आमचं मशीन स्पिनवर आहे. तुमच्याकडे कुठे आणि कितपत ऐकू येतं, मी जरा दोन मिनिटं थांबून ऐकू का?” त्यांच्या कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीतून आवाज येतो ते तिथे उभं राहूनच कळतं. मग वर येऊन मशीन हातभर सरकवा, गाद्या बदला, फोनवर पुन्हा विचारा. त्यांची दुपारची झोप किंवा नातवंडाची वेळ विचारून घ्या. नियमांवर बोट ठेवून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

एसी आणि कूलर

विंडो एसीचा कॉम्प्रेसर तुमच्याच खिडकीत असतो, त्यामुळे झोपेच्या खोलीत शक्य असेल तर स्प्लिट घ्या, तोही इन्व्हर्टर. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर विंडो एसीची लाकडी चौकट घट्ट करा, चारही बाजूंना फोमची पट्टी भरा आणि खिडकीच्या काचा खडखडत असतील तर त्यांच्यात रबर बसवा. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीत दीड टनाचा साधा एसी लावला तर तो सारखा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी धक्का देतो. आवाजाच्या दृष्टीने एक टन बरा.

स्प्लिटचं बाहेरचं युनिट पातळ भिंतीवर टांगण्यापेक्षा स्लॅबवर ठेवलेलं बरं. चारही पायांखाली रबर हवं आणि बोल्ट रबर पिचेल इतका आवळायचा नाही. तांब्याचा पाइप भिंतीतून येताना कडेला लागत असेल तर तिथे फोम गुंडाळा. युनिटचं तोंड समोरच्याच्या खिडकीकडे किंवा अरुंद डक्टमध्ये नको. डक्टमध्ये आवाज घुमून सगळ्या मजल्यांना जातो. आतल्या युनिटमधून फडफड येत असेल तर जाळी धुऊन भागत नाही, आतला गोल ब्लोअर साफ करून घ्यावा लागतो.

विदर्भातल्या पत्र्याच्या कूलरची खडखड तर सगळ्यांच्या ओळखीची. पत्रा जिथे पत्र्याला लागतो तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घाला, पंख्याच्या मोटरचे बोल्ट आवळा आणि पाण्याची पातळी पंपाच्या वर ठेवा. पंप कोरडा चालला की किंचाळतो आणि जळतोही.

खरेदी करताना

दुकानात गर्दी आणि गाणी यांच्यात काहीही शांतच वाटतं. म्हणून तिथे कानावर विसंबू नका, माहितीपत्रक मागा. आकडा कोणत्या वेगाचा, हे आधी बघा. एसीचा छापलेला आकडा बहुधा सगळ्यात मंद वेगाचा असतो, चिमणीचाही. दुसरं म्हणजे ध्वनिशक्तीचा (यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा) आकडा आणि एका मीटरवरून मोजलेल्या ध्वनिदाबाचा (तिथे कानावर किती पडतो त्याचा) आकडा वेगवेगळे. एकाच यंत्राचा ध्वनिशक्तीचा आकडा साधारण ८ डेसिबलने जास्त दिसतो. एका कंपनीचा एक आणि दुसरीचा दुसरा आकडा घेऊन तुलना केली की फसगत ठरलेलीच. युरोपात मार्च २०२१पासून फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशरच्या ऊर्जा लेबलवर आवाजाचा आकडा आणि ए ते डी अशी श्रेणी छापतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम त्यामुळे सोपं झालं आहे.

ज्यांच्याकडे तेच मॉडेल आहे त्यांच्या घरी रात्री जाऊन ऐकणं हा सगळ्यात चांगला उपाय. पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी झोपेच्या खोलीतला पंखा, मग फ्रिज, मग एसी, मिक्सर सगळ्यात शेवटी. मिक्सर दिवसातून दहा मिनिटं चालतो, पंखा रात्रभर.

खोलीचं काय करावं

जाड पडदे, गादी, पुस्तकांचं कपाट, जाजम यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पण पलीकडचा आवाज अडत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून तर काहीच साधत नाही. आवाज अडवायचा तर फटी बुजवा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट उघडी असली तरी ती भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. स्वयंपाकघराच्या दाराखाली रबरी पट्टी, चौकटीला फोमची पट्टी, सरकत्या खिडकीच्या रुळावर नवी ब्रश-पट्टी, एवढ्याने बोलण्याचा आणि मिक्सरचा वरचा सूर चांगला कमी होतो. गॅस असलेल्या खोलीत मात्र हवा खेळायला वाट ठेवा. गॅस चालू असताना खिडकी उघडीच असू द्या.

घराचं काम काढणार असाल तर दोन गोष्टी कंत्राटदाराला आधीच सांगून ठेवा. फ्रिजचा पॉइंट पलंगाच्या भिंतीवर नको, आणि वॉशिंग मशीनचा नळ, ड्रेन व प्लग कॉलमजवळच्या कोपऱ्यात हवेत. पाइप भिंतीत गाडताना त्यांच्याभोवती फोमची नळी चढवून मगच प्लास्टर करायला सांगा, म्हणजे नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत होणारा ठक्क आवाज कमी होतो. प्लंबर तयार असतो, फक्त टाइल्स लागण्यापूर्वी त्याला सांगायला हवं.